तुमची अकरा मिनिटं मी कापणार नाही

साळवेकाका,

काल तुमच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तुम्हाला 'क्रीडा पत्रकारितेतला शेवटचा प्रामाणिक माणूस' म्हटलं. तुम्ही असतात तर तिसऱ्यालाच उठून बाहेर चहाला गेला असतात आणि जाताना मलाही खुणावलं असतंत. मी शेवटच्या रांगेत बसले होते. दोघांनी बोलता बोलता माझ्याकडे बघून 'आजकल के यूट्यूबर' असं म्हटलं. एकाने तर तुमच्या फोटोला फुलं वाहता वाहता सगळ्या मोबाइलवाल्यांना सुनावून घेतलं. तुमच्या शोकसभेत निम्मा वेळ माझ्याच जमातीवर खर्च झाला, राग मानू नका.

आमच्याकडचेही काही कमी नाहीत. एकाने तुमच्या फोटोवर रडकं व्हायोलिन लावून रील टाकलं, 'क्रिकेट के महान पत्रकार नहीं रहे'. जन्मभर कबड्डी, कुस्ती आणि हॉकी लिहिणारा माणूस, क्रिकेटची ड्यूटी लागली की ज्याचं नेमकं पोट बिघडायचं, तो क्रिकेटचा महान पत्रकार! मी ते तुमच्या घरी रूथकाकूंना दाखवलं. दफनविधीनंतर त्या पहिल्यांदाच हसल्या.

सभा संपल्यावर त्रिपाठीजींनी मला कोपऱ्यात घेतलं. ऑफिसात आता तुमच्या खुर्चीवर बसणारे तुमचेच त्रिपाठीजी. डोळे खरंच लाल होते त्यांचे, त्याबद्दल मी काही वाईट बोलणार नाही.

"रेवती, वो ग्यारह मिनट वाला वीडियो मत डालना. आदमी चला गया. जाने वाले की इज़्ज़त रखो."

"सोचूँगी," मी म्हटलं.

खोटं बोलले. विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. परवा अंजूच्या तक्रारीची सुनावणी आहे. एकवीस वर्षांची कबड्डीपटू पोरगी, पानिपतजवळच्या गावातली, चढाईला निघाली की समोरच्या सातही जणी मागे सरकतात अशी. निवड चाचणीला ती आलीच नाही, असं कागदावर लिहून तिला भारतीय शिबिरातून बाहेर काढलं. ती आली होती, हे सांगणारी माणसं मोजकी आहेत, त्यात तुम्ही एक. आणि तुम्ही आता फक्त माझ्या कॅमेऱ्यात आहात.

म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसले. तुमची परवानगी मागायला नव्हे. परवानगी तुम्ही देऊन गेला आहात. भांडायला बसले आहे, कारण मराठीत भांडायला या शहरात मला दुसरं कोणी नाही.

आठवतंय ना, बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर होऊन पुण्याला गेले आणि मी शिकायचं म्हणून मुनिरकाच्या एका खोलीत राहिले. तिथून नोएडाच्या आपल्या ऑफिसात इंटर्न म्हणून आले. माझं आडनाव ऐकल्यावर तुम्ही चष्मा वर केलात. "मराठी का तू? चलो, भांडायला कोणीतरी मिळालं." हिंदी पेपरात आयुष्य काढलेला नगरचा माणूस. आपण डेस्कवर कडाकडा भांडायचो आणि बाकीच्यांना वाटायचं, घरच्या गोष्टी चालल्यात. माझं मराठी म्हणजे दिल्लीचं, अर्धं गळलेलं. तुम्ही एकदा म्हणालात, "शहानिशा केलीस का?" मी म्हटलं, "वो क्या होता है काका?" तुम्ही डोक्याला हात लावलात. मग म्हणालात, "बातमी ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारलंस का? त्याला विचार, मग त्याच्या विरोधात असेल त्याला विचार, आणि मग स्वतः जाऊन बघ. याला म्हणतात शहानिशा." त्यानंतर तो शब्द मी विसरले नाही.

टाळीवरून झालेलं भांडण तर अजून मिटलेलंच नाही. हॉकीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि मी प्रेस बॉक्समध्ये उडी मारून टाळ्या वाजवल्या. सगळे बघायला लागले. तुम्ही मला हाताला धरून जिन्यात नेलंत. "टाळ्या वाजवायच्या असतील तर तिकीट काढून ये. इथे बसायचं तर हात खाली. आज ज्याच्यासाठी टाळी वाजवलीस, उद्या त्याची चूक कशी लिहिशील?" मला रडू आलं होतं, पण पटलं होतं. याचं उत्तर मला दोन वर्षांनी सुचलं. मी म्हटलं, "हात खाली ठेवता, पण कबड्डी संघटनेच्या सेक्रेटरीसोबत जेवायला जाता. त्याची चूक कशी लिहिता?" तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा उघडून काकूंनी केलेल्या नाताळच्या करंज्या माझ्या टेबलावर ठेवल्यात आणि म्हणालात, "जेवण वेगळं आणि बातमी वेगळी." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मी नोकरी सोडून चॅनल सुरू केलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते सगळ्या ऑफिसला माहीत आहे. "म्हणजे आता हातात ती सेल्फीची काठी घेऊन स्वतःचंच तोंड दाखवत फिरणार." मी म्हटलं, "तुमच्या पेपरात महिला कबड्डीला चार ओळी मिळतात, माझ्याकडे वीस मिनिटं आहेत." तुम्ही म्हणालात, "वीस मिनिटांत पंधरा मिनिटं आरडाओरडा असतो." काका, पंधरा नव्हती. सहा-सात असतील, तेवढं मी कबूल करते.

मग ते पत्र आलं. क्रीडा पत्रकारांच्या संघाने मागणी केली की कंटेंट क्रिएटर लोकांना निवड चाचण्यांचे पास देऊ नयेत, ते खेळाडूंना त्रास देतात, काहीही टाकतात. पहिली सही तुमची होती. ती टपोरी सही मी अंगठ्याने झूम करून बघितली. त्यानंतर चार महिने मी तुम्हाला फोन केला नाही. तुम्हीही केला नाहीत. नाताळच्या करंज्याही आल्या नाहीत, आणि त्याचं मला जास्त लागलं.

त्या पत्रामुळेच मी अंजूच्या चाचणीच्या दिवशी फाटकाबाहेर होते. थंडी, धूर, डोळे चुरचुरत होते. आत हॉलमध्ये कबड्डीची चाचणी, आतमध्ये प्रेस, आणि बाहेर आम्ही चार-पाच काठीवाले. साडेसातला अंजू आली. खांद्याला बॅग, पायात चपला, बूट हातात. रखवालदार म्हणाला, "लिस्ट में नाम नहीं है." तिने ओळखपत्र दाखवलं, बोलावणं आलेला मेसेज दाखवला. तो आत फोन करायचा आणि म्हणायचा, "रुको." वजन घ्यायची वेळ दहापर्यंत होती. ज्याचं वजन झालं नाही तो खेळू शकत नाही, हे तिलाही माहीत होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी आतून कागद आला आणि त्यात तिचं नाव सापडलं. तेव्हा ती तिथेच जमिनीवर बसली. मी थांबून थांबून शूट करत राहिले. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या वर होतं.

आणि काका, आत तुम्ही नव्हतात. तुमचा गुडघा सुजला होता. संघटनेची प्रेस नोट तुम्हाला व्हॉट्सअॅपवर आली आणि पहिल्यांदाच, निदान माझ्या माहितीत पहिल्यांदाच, तुम्ही घरी बसून बातमी लिहिलीत. 'पानिपतची आघाडीची चढाईपटू अंजू चाचणीला गैरहजर राहिली.' मला टाळीवरून जिन्यात नेणाऱ्या माणसाने ना तिला फोन केला, ना कोणाला.

इथपर्यंत सांगून थांबले असते तर त्रिपाठीजींचं बरोबर ठरलं असतं. तुम्हाला एकट्याला चव्हाट्यावर आणल्यासारखं झालं असतं. पण मी काय केलं तेही ऐका, म्हणजे ऐकलंच आहे तुम्ही, बाकीच्यांसाठी लिहिते. मी ते चाळीस मिनिटांचं तीन मिनिटांवर आणलं. रखवालदाराचं 'रुको, रुको' कंटाळवाणं वाटलं म्हणून उडवलं. तिचा रडतानाचा चेहरा पुढे घेतला, वर लिहिलं 'रोती रह गई चैंपियन', आणि खाली संगीत लावलं. व्हिडिओ धडाधड चालला. लोकांनी संघटनेला यथेच्छ शिव्या दिल्या आणि मी रात्री समाधानाने झोपले.

संघटनेचं उत्तर चार ओळींचं होतं. ज्येष्ठ पत्रकाराच्या बातमीत खेळाडू गैरहजर असल्याचं स्पष्ट आहे. व्हिडिओत फक्त रडणारी मुलगी दिसते, ती किती वाजता आली हे कुठेच दिसत नाही. आपण दोघांनी मिळून त्या पोरीला बाहेर ठेवलं, काका. तुम्ही न जाऊन, आणि मी जाऊन.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या खोलीवर आलात. मेट्रोने, तो गुडघा घेऊन, वर तीन जिने. दारात धापा टाकत म्हणालात, "पाणी दे, आणि कच्चं सगळं दाखव. कापलेलं नको." चार महिन्यांच्या अबोल्याबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही हेडफोन लावून पूर्ण बघितलंत. मी चहा केला, तो गार झाला. मध्येच तुम्ही हात वर केलात.

"थांब. मागे घे. तो मागचा आवाज कसला?"

मी मागे घेतलं. अंजू रखवालदाराला ओळखपत्र दाखवतेय आणि मागून, हॉलच्या आतून, लाउडस्पीकर: 'जिन खिलाड़ियों का वज़न नहीं हुआ, वो दस बजे तक आ जाएँ, अभी साढ़े आठ हुए हैं.' ती साडेआठला फाटकात होती याचा पुरावा माझ्याच रेकॉर्डिंगमध्ये होता. तीन मिनिटांच्या व्हिडिओतही तो तुकडा होता. मी त्याच्यावर संगीत घातलं होतं.

तुम्ही माझ्यावर ओरडाल म्हणून मी अंग चोरून बसले होते. तुम्ही हेडफोन काढलेत आणि म्हणालात, "आपण दोघंही लायकीचे नाही आहोत गं." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. शिक्षेत का होईना, तुम्ही मला आपल्या ओळीत बसवलंत.

त्यानंतर तुम्ही सरळ मार्गाने सगळं केलंत, तेही नोंदवते. पेपराला दुरुस्ती छापायला सांगितलंत. "देखते हैं सर, जगह कम है." संघटनेला सहीचं पत्र पाठवलंत. ते 'मिळालं नाही'. मग एका सकाळी पुन्हा तीन जिने चढून आलात आणि खुर्ची खिडकीकडे ओढून बसलात. "लाव कॅमेरा. आणि ऐक, मध्ये काही उडवायचं नाही. खोकला आला तरी राहू दे."

तुम्ही हिंदीत बोललात, तिला कळावं म्हणून. "मेरा नाम सुधाकर साळवे है. मैंने लिखा कि अंजू ग़ैरहाज़िर थी. अंजू हाज़िर थी. ग़ैरहाज़िर मैं था." मग बातमी कशी लिहिली, नोट कोणी पाठवली, कोणाला फोन केला नाही, एकेक करून सांगितलंत. सेक्रेटरीबरोबरच्या जेवणाचंही सांगितलंत. ते ऐकून मी कॅमेऱ्यामागे चमकले. "हमारी एक लड़की ने पूछा था, मैंने टाल दिया था," एवढंच म्हणालात, माझ्याकडे न बघता. आणि शेवटी, "जिस चिट्ठी में मैंने लिखा कि मोबाइल वालों को अंदर मत आने दो, उस पर से मैं अपना दस्तख़त वापस लेता हूँ. इसका मतलब ये नहीं कि ये लोग अच्छा काम करते हैं." शेवटचं वाक्य बोलल्याशिवाय तुम्हाला राहवलं नाही ना? खडूस!

कॅमेरा बंद केल्यावर तुम्ही खुर्चीतून उठलात. "माझं झालं. आता तू बस इथे. संगीताचं सांग."

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात करू ना काका, आज केस धुतलेले नाहीत."

तुम्ही हसलात. "चलो, पुढच्या आठवड्यात." चार दिवसांनी सकाळी काकूंचा फोन आला. हार्ट अटॅक. मी हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत तुम्ही गेला होतात.

मला केस आड आले नव्हते, काका. मला लाज वाटत होती. माझ्या लोकांसमोर, ज्यांना मी रोज सांगते की पेपरवाले विकले गेलेत आणि खरं फक्त इथे मिळतं, त्यांच्यासमोर कसं सांगू की मी पुराव्यावर संगीत घातलं? तुम्ही ओळखलं असणारच. तुम्ही जोर केला नाहीत, याचे आभार मानू की भांडू, मला कळत नाही. दोन्ही करते.

तर आता मला दोन्हीकडून फोन येताहेत. तुमचे लोक म्हणतात, साळवेजींचं नाव खराब होईल. माझे लोक म्हणतात, दीदी, स्वतःची चूक कशाला दाखवता, फक्त बुड्ढेवाला हिस्सा टाका, तुफान चालेल. मी दोघांनाही नाही म्हटलं. त्रिपाठीजींना काल म्हटलं नव्हतं, ते आज सकाळी फोन करून सांगितलं. त्यांना म्हटलं, तुम्हा लोकांना हार घालायला एक फोटो हवाय, तो ठेवा भिंतीवर. पण चाळीस वर्षं खरं लिहिलेला माणूस एकदा चुकला आणि गुडघा धरत तीन जिने चढून ते सांगायला आला, हे लपवून तुम्ही त्याची कसली इज्जत राखताय? त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत केला आणि म्हणाले, "चिट्ठी पर मेरा भी दस्तख़त है."  मी ताणलं नाही.

आणि मी बसले त्या खुर्चीत. केस न धुता. दोन मिनिटांत माझं सांगून टाकलं आणि तुमच्या अकरा मिनिटांना जोडलं. कच्चं रेकॉर्डिंगही सगळं खाली देतेय, लाउडस्पीकरसकट, ज्याला बघायचं त्याने बघावं.

टाकण्याआधी काकूंकडे घेऊन गेले. जेवणाच्या टेबलावर, चष्मा लावून त्यांनी पूर्ण बघितलं.  मग म्हणाल्या, "स्वेटर उलटा घातलाय बघ त्यांनी. तू सांगायचं नाहीस का?"

खरंच उलटा होता. मला तो त्या दिवशी दिसला नव्हता, इतक्या वेळा बघूनही दिसला नव्हता. आम्ही दोघी हसलो आणि मग त्या रडल्या, मीही.

"टाकू ना काकू?"

"मला काय विचारतेस? मी त्यांना म्हटलं होतं, पेपरात चुकलं तर पेपरात दुरुस्त करा, यूट्यूबवर कशाला जाताय? तर म्हणाले, पेपरात जागा नाहीये, रेवतीकडे आहे."

काका, हे तुम्ही मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? इतकी वर्षं मी या एका वाक्यासाठी तुमच्याशी भांडत होते. तेही मला काकूंकडून ऐकावं लागलं. आणि मीही तुम्हाला कधी सांगितलं नाही की कुठलाही व्हिडिओ टाकण्याआधी मी मनातल्या मनात तुम्हाला तो दाखवते, आणि तुम्ही तोंड वाकडं केलंत की निम्मे तरी परत करते. तीन मिनिटांचा तो एक दाखवला नव्हता.

शेवटचा फोन अंजूला. तुमच्याच नियमाने, बातमी ज्याची त्याला आधी. तिला लिंक पाठवली आणि वाट बघत बसले. तासाभराने तिचा फोन आला. मागे म्हशींचा आवाज येत होता.

"दीदी, लोग दादाजी को गालियाँ देंगे?"

"देंगे."

"तो कमेंट बंद कर दो ना."

"वो मना करके गए हैं, कुछ बंद नहीं करना."

 मग म्हणाली, "लगा दो दीदी. सबने मुझसे कहा कि कहीं ग़लती हुई होगी. 'ग़लती मुझसे हुई', ये तो बस उन्होंने कहा."

आज रात्री दहा वाजता लावला. पूर्ण. तुमचा खोकला आहे, उलटा स्वेटर आहे, आम्ही चांगलं काम करत नाही हे तुमचं वाक्यही आहे. पहिली शिवी पाच मिनिटांत आली, 'बिका हुआ बुड्ढा'. तुम्ही नेहमी सांगायचात की वाचकाच्या शिवीला उत्तर द्यायचं नाही, आपलं लिहून झालं की गप्प बसायचं. मी लिहिलं, 'पूरा सुनिए, फिर गाली दीजिए.' त्याने अजून पूर्ण ऐकलेलं नाही. दुसरी आली आहे, तिसरीही. चहा करून घेतलाय आणि इथेच बसले आहे. एकेकाला उत्तर देणार आहे, काका, आणि या बाबतीत मी तुमचं अजिबात ऐकणार नाही.